जड प्लॅटर म्हणजेच भारी टर्नटेबल? तसं नाहीये
प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) जितकं जड तितका बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल (मोटर रबरी पट्ट्याने प्लॅटर फिरवते तो रेकॉर्ड प्लेअर) चांगला, हे वर्षानुवर्षं ऐकू येतं, पण ते अर्धंच खरंय. मोटरचे बारीक झटके जड प्लॅटर गिळतं हे बरोबर, पण रबरी बेल्ट थोडा ताणतो नि सैल होतो, मग बेल्ट नि प्लॅटर मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखे हळू मागेपुढे होतात आणि पियानोच्या लांब सुरात ते लगेच कळतं. शिवाय सगळा भार बेअरिंगवर (प्लॅटर ज्यावर फिरतं तो आधार), तिथलं फिनिशिंग कच्चं असेल तर घरघर थेट सुईपर्यंत, म्हणून मी तर आधी बेअरिंगच बघेन. आणि रेकॉर्डचं भोक जरा जरी मधोमध नसेल तर 33⅓ आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्या) दर 1.8 सेकंदांनी सूर वरखाली होणारच, प्लॅटर 10 किलोचं असलं तरी.