चंद्रावरचा डोंगर: ज्वालामुखीचा की आघाताचा?

चंद्राच्या फोटोत एखादा उंच, धिप्पाड डोंगर दिसला की हा ज्वालामुखीच असणार असं वाटतं. बहुतेक वेळा तो नसतो. तिथले उंच डोंगर आघाताने, म्हणजे अवकाशातून काहीतरी मोठं येऊन आदळल्याने, उभे राहिलेत. ज्वालामुखी मात्र जमिनीला चिकटून पसरलेले असतात.

मॉन्स हॅडली आणि मॉन्स र्‍यूमकर हे चंद्रावरचे दोन डोंगर शेजारी ठेवून बघा. हॅडली भोवतालच्या सपाटीपासून साधारण साडेचार किलोमीटर उंच आहे. तो ॲपेनाइन रांगेत येतो आणि ही अख्खी रांग म्हणजे इम्ब्रियम या अवाढव्य खोऱ्याची कड. सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी झालेल्या टकरीत चंद्राचं कवच उचललं गेलं, त्यातून ती तयार झाली. १९७१ मध्ये अपोलो १५ चे अंतराळवीर इथेच उतरले. शेजारच्या हॅडली डेल्टा या डोंगराच्या उतारावर त्यांना सापडलेला पांढरट दगड ॲनॉर्थोसाइटचा निघाला, म्हणजे जुन्या कवचाचा तुकडा.

र्‍यूमकरचा रुबाब काहीच नाही. पसारा सुमारे ७० किलोमीटर, उंची जेमतेम किलोमीटरभर. सरासरी काढली तर चढ दोनेक अंशांचा. पण हा अस्सल ज्वालामुखी. किंबहुना एक नाहीच, एकमेकांना खेटलेले तीसेक घुमट आहेत आणि काहींच्या माथ्यावर लाव्हा जिथून आला ते खड्डेही दिसतात. चंद्रावरचा लाव्हा लोहयुक्त आणि फार पातळ होता, त्यामुळे तो बहुतेक ठिकाणी लांबवर वाहून सपाट मैदानं झाली. उद्रेक मंद आणि लाव्हा थोडा दाट असेल तिथेच असे घुमट साचले.

चीनच्या चांग-ई ५ ने डिसेंबर २०२० मध्ये ‘र्‍यूमकरचे’ नमुने आणले, असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर यान डोंगराच्या ईशान्येला, मैदानात उतरलं होतं. सुमारे २०० कोटी वर्षांचा तो बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, मैदानाचा आहे; डोंगर त्याहून जुना मानला जातो.

छोट्या दुर्बिणीतूनही फरक कळतो, फक्त तिथे नुकतंच उजाडलेलं हवं. हॅडलीसाठी शुद्ध अष्टमीचा सुमार, र्‍यूमकरसाठी द्वादशी-त्रयोदशी. ऊन वर चढलं की र्‍यूमकर जवळजवळ पुसला जातो, कारण त्याची सावली पडण्याइतकी उंचीच नाही.

भूशास्त्रज्ञही यात फसलेत. चंद्रावरच्या डेकार्ट भागातल्या टेकड्या ज्वालामुखीच्या असाव्यात, म्हणून एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ तिथे पाठवलं गेलं. हाती आले ते बहुतेक आघातात चुरा होऊन पुन्हा चिकटलेले दगड.

ग्रुटहाउझेन घुमट मात्र दोन्ही गटांत नीट बसत नाहीत. ज्वालामुखीचे असूनही चांगले उभट, कारण त्यांचा लाव्हा सिलिकायुक्त आणि घट्ट होता. पृथ्वीवर असा लाव्हा तयार व्हायला पाणी आणि सरकणारी भूपट्टं मदत करतात. चंद्रावर भूपट्टं नाहीत आणि पाणीही नाममात्र, तरी तो तयार झाला. कसा, यावर अजून वाद आहे.