खिम्याचे गोळे, साय आणि सांबार

वऱ्हाडात खिम्याचा गोळा जुनाच. नवी आहे ती त्याच्याभोवतीची साय.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातल्या ग्रंथात मसाला घालून बारीक केलेल्या मांसाच्या गोळ्या येतात. सातपुड्यापलीकडे मांडूत १५००च्या सुमारास लिहिलेल्या 'निमतनामा' या पाककृतींच्या पुस्तकात तर कोफ्तेच आहेत. सातपुड्याच्या अलीकडे अचलपूर १४९० ते १५७४ वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होतं, १५९६ला वऱ्हाड मुघलांकडे गेलं. अचलपूर-बाळापूरच्या मुसलमान घरांतला कोफ्ता शेजारपाजारी पोचायला वेळ लागला नसेल. डाळीचा गोळाभात खाणाऱ्या माणसाला गोळा वळायला शिकवायचं तरी काय!

मग साय का नव्हती? गाई-म्हशी होत्याच. पण साय विरजणात जायची, त्याचं लोणी, लोण्याचं तूप, आणि तूप विकलं की हाताशी चार पैसे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे, घरात फ्रीज नाही. सकाळची साय दुपारी आंबूस. त्यात मटणाशी दूध नको, हा जुन्या बायांचा धाक. चरकानंही दूध-मासळी नको म्हटलं होतं, आणि पाळीव जनावरांचं मांस दुधाबरोबर नको, हेही. त्यामुळे रस्सा दाट करायचा तो खसखस आणि सुक्या खोबऱ्यानं. नागपूरच्या कोष्ट्यांच्या सावजी रश्श्यातही हीच जोडी.

क्रीमच्या रश्श्यातले गोळे म्हटलं की स्वीडनचं नाव निघतं. तिथला राजा बारावा कार्ल १७०९ ते १७१४ तुर्की सुलतानाच्या आसऱ्याला होता. ही कृती त्यानंच तिकडून आणली, असं २०१८मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानं सांगून टाकलं. मला ते जरा रंगवलेलं वाटतं. लढाई हरलेला राजा कोफ्ते कसे वळतात ते बघत बसेल? उत्तर युरोपातले लोक अशा पांढऱ्या रश्श्यांत जी हिरवी पानं टाकतात, ती मात्र आपल्याच बाजारातली: शेपू. तोच, ज्याच्या वासानं अर्धं घर नाक मुरडतं.

आता तालुक्याच्या दुकानात क्रीमचं पाकीट मिळतं, तेव्हा एवढं सांभाळा. खिम्यात फुटाण्याचं पीठ मुठीपेक्षा जास्त नको, गोळे दगड होतात. रस्सा खदखदताना एकेक गोळा सोडा आणि पळी घालू नका, गंजच (पातेलंच) धरून हलवा. आंबट टमाटरात पातळ दूध उकळलं की फाटतं, जास्त स्निग्धांशाची क्रीम तग धरते. तरी ती आच बंद करूनच घाला. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि शेपू त्याच्याही नंतर.