ओव्हरबर्डनची रासायनिक तपासणी

उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचण्याआधी जे माती-खडक उपसावे लागतात त्यांना ओव्हरबर्डन म्हणतात. खाणीवर याला नुसते 'ओबी' म्हणतात, तर चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या गावांत 'मातीचे ढिगारे'. या ढिगाऱ्यांवर झाडे लावण्याआधी किंवा ओबी खड्ड्यात परत भरण्याआधी तिच्यात आम्ल तयार करणारी खनिजे, विषारी धातू आणि क्षार किती आहेत, हे या तपासणीत पाहतात.

'माती' हा शब्द इथे फसवा आहे. वर्धा खोऱ्यात वर काळी माती, तिच्याखाली कामठी थरातला वालुकाश्म आणि कोळशाला लागून बराकार थरातला काळपट शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) अशी उतरंड असते. खोदताना काळी माती आधी निघते, शेल शेवटी. सरसकट टाकत गेले की हा क्रम उलटा होतो आणि कोट्यवधी वर्षे हवेपासून दूर राहिलेला शेल ढिगाऱ्याच्या माथ्यावर येऊन बसतो. त्यात पायराइट (लोह आणि गंधकाचे संयुग) असेल तर हवा, पाणी आणि जीवाणू मिळून त्याचे गंधकाम्ल करतात. ते आम्ल खडकातले अॅल्युमिनियम, मँगनीज, निकेल, जस्त विरघळवते. ढिगाऱ्यावर पिवळट पापुद्रा आणि पायथ्याच्या ओहोळात तांबूस गाळ दिसू लागला, तर तपासणीला उशीर झाला असे समजावे.

म्हणून नमुने घ्यायची खरी वेळ उत्खननाआधीची. वेधनछिद्रातून (ड्रिलने पाडलेल्या खोल भोकातून) काढलेल्या गाभ्याचा प्रत्येक थर वेगळा तपासला, तर कोणता खडक खोल गाडायचा हे आधीच ठरवता येते. तयार ढिगाऱ्यातून नमुने घेताना ते अनेक ठिकाणचे आणि वेगवेगळ्या खोलीचे लागतात. सगळे एकत्र कालवून काढलेली सरासरी कागदावर छान दिसते, पण रोपे सरासरीत उगवत नाहीत. शेलच्या पट्ट्यात लावलेली जळतात.

प्रयोगशाळेत पहिली परीक्षा साधी आहे. खडकाची पूड पाण्यात कालवून लगद्याचा पीएच मोजतात, दुसऱ्या चिमटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून ती किती फसफसते ते पाहतात. फसफसणे म्हणजे आम्ल मारणारे कार्बोनेट हजर. मात्र ताज्या शेलचा पीएच 7, म्हणजे उदासीन, आला म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण पायराइट अजून हवेला भिडलेलेच नसते. त्यासाठी आम्ल-अल्कली हिशेब मांडतात. गंधकाच्या टक्केवारीला 31.25 ने गुणले की एक टन खडकाचे आम्ल मारायला किती किलो चुनखडी लागेल ते कळते. समजा गंधक 0.8 टक्के आहे. म्हणजे 25 किलो. खडकाची आम्ल मारायची स्वतःची क्षमता 10 किलो भरली, तर तूट 15 किलोंची. रूढ निकषाप्रमाणे उणे 20 ते अधिक 20 किलो हा पट्टा संशयाचा, आणि ही उणे 15 त्यातच येते. अशा नमुन्याला आर्द्रता-कक्षात ठेवून आठवड्यामागून आठवडे हवा-पाणी देतात आणि झिरपलेले पाणी तपासतात.

सिडेराइट हे लोहाचे कार्बोनेट या हिशेबात हमखास घोळ घालते. आम्लात ते विरघळते आणि क्षमता वाढल्यासारखी दिसते; पण सुटलेले लोह पुढे ऑक्सिडीकरण होताना तेवढेच आम्ल परत देते. नेहमीच्या माती-परीक्षणातही सापळा आहे. सेंद्रिय कर्ब मोजायच्या डायक्रोमेट पद्धतीत कोळशाची भुकटीसुद्धा त्यात मोजली जाते. अहवालात कर्ब 'भरपूर' आणि रोपाला खायला काही नाही, असा प्रकार त्यातून होतो.

विदर्भातल्या कोळशात, म्हणजे फार जुन्या गोंडवाना थरांतल्या कोळशात, गंधक बहुधा 1 टक्क्याहून कमी असते. त्यामुळे इथला धोका आसामच्या माकुम क्षेत्राइतका उग्र नाही. तिथल्या तृतीयक (भूशास्त्राच्या हिशेबाने बऱ्याच नव्या) कोळशात गंधक कितीतरी जास्त. पण आम्ल नाही म्हणजे दूषण नाही, असेही नाही. आर्सेनिक आणि सेलेनियम उदासीन पाण्यातही वाहतात, म्हणून पावसाळ्यात ढिगाऱ्यावरून उतरणारे पाणी वेगळे तपासावे लागते.

उपाय निकालावर ठरतो: दोषी थर खोल गाडणे, चुना मिसळणे, वर राखून ठेवलेली काळी माती पसरणे. चंद्रपूरजवळच्या पद्मापूर खाणीच्या ढिगाऱ्यावर नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सेंद्रिय गाळ, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मुळांशी जोडून वाढणारी मायकोरायझा बुरशी वापरून झाडे वाढवली. अशा प्रयोगात आधीच्या चाचणीचे आकडे हाताशी नसतील, तर नंतर काय सुधारले हे सांगताच येत नाही.

नागपूर जिल्ह्यात गोंडेगाव, भानेगाव येथे ओबीतून बांधकामाची वाळू वेगळी काढली जाते. वाळू गेल्यावर उरणारा गाळ मूळ ओबीपेक्षा बारीक आणि घडणीने निराळा असतो. त्याला जुना अहवाल लागू पडत नाही, नव्याने तपासावे लागते.