शाब्दिक उदाहरणे

शाब्दिक उदाहरणे : व्यवहारातला प्रसंग वाक्यांत सांगून विचारलेले अंकगणिती प्रश्न. ‘दिले आहे’, ‘काढायचे आहे’, मांडणी, रीत, उत्तर आणि ताळा अशा पायऱ्यांनी ती सोडवण्याचा प्रघात आहे.

या पायऱ्यांचे जुने रूप बख्शाली हस्तलिखितात दिसते. पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेल्या या भूर्जपत्रांत सूत्र, उदाहरण, स्थापना (म्हणजे मांडणी), करण (म्हणजे रीत) आणि शेवटी पडताळा असा क्रम बहुतेक ठिकाणी पाळलेला आहे. काळाविषयी मात्र एकमत नाही. लिपी व भाषा पाहून अनेक अभ्यासक हस्तलिखित ८ व्या ते १२ व्या शतकातले मानतात. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कार्बन चाचणीत तपासलेल्या तीन पानांचे काळ वेगवेगळे, सुमारे ३ ऱ्या ते १० व्या शतकांच्या दरम्यानचे, निघाले. परंतु सर्व पानांवरचे हस्ताक्षर व विषयाचा ओघ एकसंध वाटतो. त्यामुळे सर्वांत जुन्या पानावरून सगळ्या ग्रंथाचा काळ ठरवणे धाडसाचे होईल.

त्रैराशिकाचा, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढण्याचा, नियम आर्यभटीयात (इ. स. ४९९ च्या सुमारास) नावासह येतो. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) तो नेटका केला : प्रमाण (दिलेली राशी) व इच्छा (जिचे फळ काढायचे ती) या एकाच जातीच्या राशी आरंभी व शेवटी, वेगळ्या जातीचे फळ (प्रमाणाशी जुळणारी रक्कम) मध्ये, इच्छेने फळाला गुणून प्रमाणाने भागावे. व्यस्त प्रमाणात कृती उलटी. लीलावतीची सटीक आवृत्ती पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये छापली.

शाळेतली एकमान पद्धती हेच त्रैराशिक, फक्त भागाकार आधी. ५ वह्यांना १४० रुपये, तर एकीला २८ आणि ८ वह्यांना २२४. एका नगाचा भाव मुलाला कळतो, हा तिचा मोठा गुण. पण ६ लिंबांना २० रुपये, तर ९ लिंबांना किती, येथे एकाचा भाव पूर्णांकात येत नाही. आधी गुणले तर १८० भागिले ६, म्हणजे सरळ ३० रुपये. दोन्ही रीती शिकवाव्यात हे बरे.

खरी अडचण आकडेमोडीच्या आधीची असते. ‘सीमाकडे ४० रुपये आहेत, ते मीनाकडच्यापेक्षा १२ ने जास्त आहेत. मीनाकडे किती?’ यात ‘जास्त’ शब्द पाहून मुले बेरीज करतात आणि ५२ लिहितात. उत्तर २८. ताळा केला, म्हणजे २८ मध्ये १२ मिळवून ४० येतात का हे पाहिले, तर ही चूक जागीच सापडते. म्हणून ताळ्याची पायरी गाळू नये.

राज्याची पाठ्यपुस्तके १९६७ पासून पुण्यातील बालभारती तयार करते. शिष्यवृत्ती परीक्षेत प्रश्न बहुपर्यायी असल्याने रीत कच्च्या कामातच राहते.