मीटरला निळा एलईडी बसवण्याआधी

बुलेटचं मीटर बदलायला गेलात की दुकानदार हमखास निळा एलईडी पुढे करतो. "आकडे एकदम क्लिअर." दुकानात दिसतातही. ताम्हिणी घाटात रात्री मात्र हाच दिवा सारखा डोळ्यात घुसतो, आणि आकडा वाचायला जावं तर धूसर.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा? दृष्टिपटलाच्या मधोमध, जिथे आपण वाचतो, तिथे रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंक्वाकार पेशींची दाटी असते. पण अगदी केंद्रात निळ्याला दाद देणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. शिवाय डोळ्याचं भिंग निळा प्रकाश जास्त वाकवतं, त्यामुळे त्याची प्रतिमा पटलाच्या अलीकडेच जुळते. नजर रस्त्यावर असते तेव्हा मीटर पडतं कडेला, आणि कडेला राज्य मंद उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशींचं. त्यांच्यातल्या ऱ्होडॉप्सिनला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याला, सर्वाधिक भावतो सुमारे ५०० नॅनोमीटरचा प्रकाश. निळा एलईडी ४७० च्या आसपास, म्हणजे शेजारीच. ऱ्होडॉप्सिनमध्ये 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनलचा वाकडा रेणू असतो. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आदळला की ११-सिस रूपाचं ऑल-ट्रान्स होतं, म्हणजे रेणू सरळ होतो आणि त्याला धरून ठेवणाऱ्या ऑप्सिन या प्रथिनापासून सुटतो. तो पुन्हा वाकवायचं काम शेजारच्या रंगद्रव्य-स्तरात चालतं, सावकाश. लख्ख उजेडातून अंधारात गेल्यावर नजर पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो तो यामुळेच. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला ऱ्होडॉप्सिन जेमतेम ओळखतं.

म्हणून लालच घ्या, असंही नाही. हेडलाइट चालू असताना डोळे पुरते अंधाराला सरावतच नाहीत. रंगाइतकाच उजेडही महत्त्वाचा. काळी तबकडी, बारीक पांढरे आकडे आणि मंद नारिंगी दिवा, हे मला सगळ्यात पटतं. पांढरी तबकडी मागून उजळली की आकडे सोडून सगळंच चमकतं. पांढऱ्या एलईडीच्या पोटातही निळाच असतो, वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणारा थर. त्यात लाल कमी, त्यामुळे तबकडीवरची लाल रेघ मळकट दिसते. 'थकवा घालवणारा ब्लू लाइट' वगैरे जाहिरातींची किंमत हँडलला टांगलेल्या लिंबू-मिरचीएवढीच.

बसवताना एलईडी पेटला नाही तर उलटा करून पाहा, त्याला प्लस-मायनस असतो. आणि एक विसरू नका: हाय बीमची खूण निळीच असते. सगळं मीटर निळं केलंत तर ती त्यात हरवेल, आणि समोरून येणारा का डिपर मारतोय ते तुम्हाला कळणार नाही.