पार्श्वभूमी : स्वर चौदाच, पण कोणते?

मराठी मुलाला संस्कृतसाठी लिपी नव्याने शिकावी लागत नाही, असे गृहीत धरूनच आपल्याकडे आठवीत संस्कृतचा अभ्यास सुरू होतो. व्यंजनांपुरते ते खरे आहे. स्वरांच्या बाबतीत मात्र पहिलीच्या तक्त्यावरची यादी आणि संस्कृतला लागणारी यादी एक नाही, आणि त्यांतला आजचा फरक मुख्यतः अलीकडच्या काळातल्या निर्णयांतून आलेला आहे.

प्राचीन काळीही स्वरांची एकच एक संख्या सर्वमान्य नव्हती. अशोकाचे ब्राह्मीतले लेख प्राकृतात असल्याने त्यांत ऋकाराची गरजच पडली नाही, इ. स. १५०च्या सुमारास जुनागढच्या संस्कृत शिलालेखात तो दिसतो. पाणिनीच्या व्याकरणाच्या आरंभी येणाऱ्या माहेश्वर सूत्रांत नऊच स्वर उच्चारले आहेत आणि दीर्घ रूपे त्यांतच अभिप्रेत आहेत. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात प्लुत, म्हणजे दीर्घाहूनही लांबवलेले स्वर, धरून संख्या एकवीसवर जाते. कातंत्र व्याकरण सुरुवातीलाच चौदा स्वर सांगते. हे चौदा म्हणजे अ, आ, इ, ई, उ, ऊ, ऋ, ॠ, ऌ, ॡ, ए, ऐ, ओ, औ. यांतला ॡ भाषेत प्रत्यक्ष जवळजवळ आढळत नाही. ऋ-ॠ अशी जोडी आहे म्हणून ऌ-ॡ हीही जोडी, एवढाच त्याचा आधार. परंपरेने घोकून घेतलेल्या बाराखडीत तर अं आणि अः धरले, पण ऋ घेतला नाही. त्यामुळे ‘कृ’ हे अक्षर मुलांना बाराखडीबाहेरच भेटत आले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिपिसुधारणेच्या चळवळीने इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र अक्षरे सोडून ‘अ’लाच स्वरचिन्हे लावावीत, म्हणजे अि, अी, अु, अू असे लिहावे, असा आग्रह धरला. ओ आणि औ तसेच लिहिले जातात, हा त्यामागचा युक्तिवाद बिनतोड होता. काही मराठी नियतकालिकांनी ती पद्धत वापरलीही, पण शाळांनी ती स्वीकारली नाही. उत्तरेकडे १९५३मध्ये लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे नेण्याचे ठरवले, तेही पुढे मागे घ्यावे लागले.

खरा वादाचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९चा. त्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्वरांचे स्थान दिले आणि संख्या पुन्हा चौदा झाली : अ, आ, इ, ई, उ, ऊ, ऋ, ऌ, ए, ॲ, ऐ, ओ, ऑ, औ. बॅट आणि डॉक्टर लिहिणाऱ्या भाषेला हे दोन स्वर हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. (‘अ’वर चंद्र देऊन ॲ लिहिताना मोडीत निघालेले लिपिसुधारकांचे तत्त्व मागच्या दाराने परत आले, ही गंमत वेगळी.) प्रश्न ऌ ठेवून ॠ वगळण्याचा आहे. ऌ ठेवण्यासाठी साधारणतः एकाच शब्दाचा दाखला दिला जातो, तो म्हणजे क्लृप्ती. पण हा शब्द आपण छापतो तसा नीट पाहिला तर त्यात क्, ल् आणि खाली ऋकार आहे. ऌ या स्वराचे चिन्ह त्यात नाहीच. त्या चिन्हाने शब्द ‘कॢप्ती’ असा होतो, आणि तसा तो संस्कृत पुस्तकांबाहेर क्वचितच दिसतो. म्हणजे ज्या शब्दासाठी स्वर ठेवला, त्या शब्दातही तो लिहिला जात नाही.

याउलट ॠ संस्कृतच्या विद्यार्थ्याला फार लवकर लागतो. ‘पितृ’ शब्द चालवताना द्वितीयेच्या अनेकवचनात ‘पितॄन्’ आणि षष्ठीच्या अनेकवचनात ‘पितॄणाम्’ येते. ‘मातृ’चे द्वितीयेचे अनेकवचन ‘मातॄः’ होते. ऋकाराला खाली आणखी एक वळण जोडण्याचे हे चिन्ह मुलाने तोवर गिरवलेले नसते, म्हणून वह्यांत ‘पितृन्’ सर्रास दिसते. उच्चारानेही चूक उघड होत नाही, कारण महाराष्ट्रात ऋ ‘रु’सारखा आणि हिंदी पट्ट्यात ‘रि’सारखा म्हटला जातो, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद दोन्हीकडे सहज पुसला जातो. वर्णमाला मराठीची आहे, संस्कृतची नाही, असे उत्तर यावर मिळते. ते योग्यच आहे, पण मग ऌ कोणाचा?

संगणकाच्या युनिकोड तक्त्यात ऋ आणि ऌ शेजारी आहेत. ॠ आणि ॡ मात्र इतर स्वरांपासून दूर, नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असलेल्या व्यंजनांच्या पुढे बसवलेले आहेत. ॲ तिथे २००८मध्ये, म्हणजे शासन निर्णयाच्या आदल्या वर्षी आला. अक्षरे केवळ त्या तक्त्याच्या क्रमाने लावली, तर संस्कृत शब्दसूचीत ॠकाराने सुरू होणारी नोंद ‘ह’च्याही मागे जाते.