गुहामुखांचा शोध (ठाणे जिल्हा)

झाडी, दरड किंवा साचलेल्या मातीआड गेलेली गुहांची व लेण्यांची तोंडे हुडकून काढण्याचे काम. ठाणे जिल्ह्यात यासाठी मुरबाड व शहापूरकडील सह्याद्रीचे कडे आणि येऊरचे डोंगर महत्त्वाचे.

इथला खडक बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, म्हणून मैलोनमैल जाणारी नैसर्गिक भुयारे इथे अपेक्षित नाहीत. गडागडावर ऐकू येणारी ‘घोडेस्वार जाईल एवढे भुयार’ ही गोष्ट त्यामुळे ऐकून सोडून द्यावी. मात्र लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असतात. दोन थरांमधली तांबडी माती किंवा सच्छिद्र खडक पावसाने झिजतो, वरचा कठीण थर छतासारखा पुढे राहतो आणि कपार तयार होते. म्हणून एक कपार सापडली की वर-खाली शोधण्यापेक्षा त्याच पातळीत आडवे सरकावे. कोरीव लेण्यांसाठी मात्र कारागिरांनी जाड, अभंग थर निवडला. त्याच्या पायाशी बहुधा चालण्याजोगी पट्टी असते.

चुनखडीच्या प्रदेशांत गुहेतून येणारा वारा ही मोठी खूण मानतात. वेगवेगळ्या उंचीवर दोन तोंडे असली, तर आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातील फरकाने झोत वाहतो. सह्याद्रीतल्या गुहा बहुतेक उथळ आणि एकाच तोंडाच्या, त्यामुळे ही खूण इथे फारशी उपयोगी नाही. संध्याकाळी एकाच ठिकाणाहून बाहेर पडणारी वटवाघळे आणि त्यांच्या विष्ठेचा उग्र वास यांवर अधिक भरवसा ठेवता येतो.

माणसाच्या खुणा सर्वांत बोलक्या. कातळात खोदलेल्या पायऱ्या, खांब रोवण्याची भोके, पावसाचे पाणी वळवणारी पन्हळ आणि मुख्य म्हणजे पाण्याचे टाके. टाके दिसले की आसपास वस्तीची जागा असणार असे धरून चालावे. गोरखगडावर पायऱ्या, टाकी आणि खांबांची गुहा एकत्र पाहायला मिळतात. नवख्याने नजर तयार करायला हा गड उत्तम.

मुरबाडच्या बाजूला कड्यातल्या गुहेला ‘गडद’ म्हणतात. सोनावळ्याची गणपती गडद प्रसिद्ध आहे. गावाने गुहेत देव मांडला की ती देवाच्या नावानेच ओळखली जाते. लोनाडचे बौद्ध लेणे गावाला खंडेश्वरी म्हणून ठाऊक. त्यामुळे ‘इथे लेणी आहेत का?’ यापेक्षा ‘डोंगरात देव कुठे आहे, पावसात गुरे कुठे थांबतात?’ हे गुराख्याला विचारलेले बरे.

हंगाम होळीनंतरचा. गवत वाळलेले असते, कारवीची पाने झडलेली असतात आणि कड्यावरच्या सावल्या स्पष्ट दिसतात. विमानातून होणारे लेसर सर्वेक्षण झाडीखालची जमीन दाखवते, पण उभ्या कड्यातले तोंड वरून नीट पकडता येत नाही. त्यासाठी ड्रोनने समोरून घेतलेली छायाचित्रे लागतात.

आग्यामोहोळ, सुटे दगड आणि आत विसावलेला बिबट्या हे खरे धोके. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय फिरता येत नाही. तोंड सापडले तरी माती उपसू नये. तिच्या थरांत खापरे, राख, मणी ज्या क्रमाने पडले त्यावरून पुरातत्त्वज्ञ जागेचा काळ ठरवतात.